सुरी कुणाच्या हातची?

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाने सुऱ्यांवर टीकालेख लिहावा, हे जरा धाडसाचंच आहे. आमच्या शाखेत धारदार अशी वस्तू एकच, ती म्हणजे ऑडिटरची नजर. लखोटे फोडायची एक सुरी आहे. पण तिने लखोटा कधी फुटत नाही, म्हणून आम्ही ती पेरू कापायला वापरतो. पेरूही फुटत नाही, तो शरण येतो.

तरीही मी लिहितो आहे, कारण गेल्या दिवाळीच्या सुटीत मेव्हण्याकडे मुक्काम पडला आणि त्याने मला ‘फोर्ज्ड इन फायर’ नावाच्या अमेरिकन कार्यक्रमाची चटक लावली. हिस्टरी चॅनेलने हा कार्यक्रम २०१५ साली सुरू केला. लोहारकामावर टीव्हीचा कार्यक्रम चालेल का, असं तेव्हा कुणी मला विचारलं असतं, तर मी बी.कॉम.च्या अधिकारवाणीने ‘कर्ज नामंजूर’ असा शेरा मारला असता. आणि तो चालला! एकदोन नव्हे, चांगली दहा पर्वं चालला. माझे अंदाज असेच असतात. म्हणून तर मी अजून कारकून आहे.

कार्यक्रमाची रीत सोपी आहे. चार लोहार येतात. पहिल्या फेरीत त्यांना पोलाद देतात आणि बहुधा तीन तास. तेवढ्यात पातं घडवायचं. एक जण घरी जातो. दुसऱ्या फेरीत दोनेक तासांत मूठ बसवायची. मग परीक्षक ती सुरी घेऊन हरणाच्या शिंगावर, बर्फाच्या लादीवर, दोरखंडावर अशी काही तुटून पडतात, की सुरीने त्यांचं काही वाकडं केलं असावं. आणखी एक जण घरी. उरलेले दोघे आपापल्या गावी जाऊन चार-पाच दिवसांत इतिहासातलं एखादं शस्त्र घडवून आणतात. जिंकणाऱ्याला दहा हजार डॉलर. आजच्या दराने आठ लाखांच्या वर. (हिशोब मी मनातल्या मनात केला, सवय.)

शेवटी डग मार्काइडा नावाचे फिलिपिनो शस्त्रविद्येतले उस्ताद ते हत्यार जिलेटिनच्या पुतळ्यावर नाही तर मेलेल्या डुकरावर चालवतात आणि याने माणूस मरेल, असा निर्वाळा हसतमुखाने देतात. आमच्या सौ.ने हे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, ‘‘मरेल हो, पण त्यांना म्हणावं, एकदा कांदा चिरून दाखवा.’’

वाचकहो, या कार्यक्रमावर याहून मर्मभेदक टीका मला सुचलेली नाही. तरी मानधन घ्यायचं आहे, तेव्हा थोडा विस्तार करतो.

आधी चांगलं ते सांगतो. पोलादाला पाणी देण्याचा क्षण टीव्हीसाठीच जन्माला आला आहे. आठशे अंशांच्या आसपास तापलेलं लालभडक पातं तेलात बुडतं, ज्वाळा उठतात, आणि पातं बाहेर येतं तेव्हा सरळ असेल, वाकलं असेल किंवा बारीकसा टिणकन आवाज करून तडकलं असेल. तो टिणकन आवाज ऐकताना लोहाराचा चेहरा बघावा. महिनाअखेरीला रोकड जुळत नाही तेव्हा आमच्या कॅशियरचा होतो, तसाच. तिथे नाटक करायला वाव नाही. पोलाद कुणाचा वशिला मानत नाही.

पण पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते पुन्हा दोनेकशे अंशांवर तास-दोन तास मंद तापवावं लागतं, तेव्हा त्याचा ताठा उतरतो आणि चिवटपणा येतो. सुरी खरी सुरी होते ती त्या दोन तासांत. आणि कार्यक्रमात नेमके तेच दिसत नाहीत, कारण त्या वेळात ना ज्वाळा, ना टिणकन. लोहार चहा पीत बसतो. आता चहा पिणारा माणूस कोण बघणार? बघायचाच असेल तर आमच्या शाखेत या, प्रवेश मोफत आहे.

थांबणं दाखवता येत नाही, हेही खरं नाही. त्याच २०१५ साली इंग्लंडात कुंभारांची अशीच स्पर्धा टीव्हीवर सुरू झाली. तिथे भट्टी उघडेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो आणि कीथ ब्रायमर जोन्स नावाचे परीक्षक चांगलं भांडं पाहून चक्क रडतात. इथे परीक्षक भांडं मोडत नाहीत, तर भांडं परीक्षकाला मोडतं!

खुद्द अमेरिकेतल्या लोहारांनीही स्वतःसाठी कडक परीक्षा ठेवली आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीत वर चढायचं, तर आपल्या सुरीने लोंबता दोर एका घावात तोडायचा, लाकडाची फळी तोडायची, मग त्याच धारेने हातावरचे केस काढायचे; आणि शेवटी ती शिकंज्यात धरून काटकोनात वाकवायची, तरी तिचे दोन तुकडे व्हायचे नाहीत. परीक्षेनंतर सुरी भंगारात, लोहार पास. यात धडकी भरवणारं काय नाही? पण या परीक्षेची तयारी वर्षानुवर्षं चालते आणि टीव्हीला पाऊण तासात निकाल लागतो.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. कस्टम सुरी म्हणे! (सौ.ला आधी वाटलं, विमानतळावर पकडलेली.) कस्टम म्हणजे एका गिऱ्हाइकासाठी घडवलेली. आणि या सगळ्या कार्यक्रमात गिऱ्हाईकच नाही! काउंटरच्या अलीकडे चार कर्मचारी, तीन तपासनीस, घड्याळ, आणि पलीकडे कुणीच नाही. ही तर आमची बँक झाली, दुपारच्या जेवणाच्या सुटीतली.

आमच्या आईचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तरी आंगठा मिटेना. मी बाजारातल्या लोहाराकडे गेलो आणि ‘एक बरी सुरी द्या’ म्हणालो. त्याने विचारलं, ‘‘कुनाला?’’ आईला म्हटल्यावर म्हणाला, ‘‘मग म्हातारीला आना. तुमचा हात बघून काय करू?’’ आई गेली. त्याने तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला, ‘‘दाबा, आई’’ म्हणाला, आणि त्या वेड्यावाकड्या गोळ्याबरहुकूम बाभळीची मूठ केली. पातं ट्रकच्या जुन्या पाट्याचं. चार दिवसांनी दिली. परीक्षक एकच होती आणि परीक्षा एकच: कांदा. आईने तो चिरला, डोळे पुसले. कांद्यामुळेच, असं ती म्हणाली.

तेव्हा असला कार्यक्रम चालेल का? चालेल, चाललाच आहे. फक्त पहिल्या मिनिटाला एका म्हातारीला आणा, आणि शेवटच्या मिनिटाला तिच्यापुढे कांदा ठेवा. मधल्या वेळात शिंगं तोडा नाही तर बर्फ, आमची हरकत नाही.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. सुरी फडताळात आहे. धार अजून शाबूत. पण मूठ कुणाच्याच हातात बसत नाही. सौ.च्या नाही, माझ्याही नाही. मेव्हण्याला दाखवली तर म्हणाला, ‘‘मूठ फसलीय हो. दुसऱ्या फेरीत बाद!’’