सूपशास्त्राबाहेरचा रस्सा

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील छापील पाकग्रंथांची परंपरा येथूनच सुरू झाली असें सामान्यतः मानतात. या नांवांतील 'सूप' शब्द संस्कृत असून त्याचा अर्थ वरण किंवा कढण असा आहे. इंग्रजी जेवणांतल्या सूपशीं त्याचें उच्चारसाम्य असलें तरी नातें नाहीं. पुढें १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' आणि १९७० मध्यें कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. या पुस्तकांनीं मराठी घरांवर मोठे उपकार केले आहेत, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु पाकग्रंथ म्हणजे नुसता कृतींचा संग्रह नव्हे. कोणाच्या घरचें अन्न लिहून ठेवण्याच्या योग्यतेचें, याचा तो न कळत निवाडाही करीत असतो. या निवाड्याची परीक्षा आम्ही एकाच पदार्थावरून करूं इच्छितों. तो पदार्थ म्हणजे मांस आणि पालेभाजी यांचा रस्सा.

नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर, म्हणजे जुनें वाढोणा, हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेलंगणाची सीमा तेथून फार दूर नाहीं. या टापूंत मराठी माणूस जिला अंबाडी म्हणतो, तिलाच दक्खनी बोलणारा अंबाडा आणि तेलुगु बोलणारा गोंगुरा म्हणतो. नांवें तीन, पान एकच, आणि मांसाशीं त्याची जोडीही जुनीच. कांदा परतून, आलें-लसूण व हळद लावलेलें मटण त्यावर घालावें आणि बेताच्या आंचेवर पाण्यांत मऊ होऊं द्यावें. अंबाडीचीं पानें वेगळीं उकडून घोटावीं. फार आंबट असल्यास त्यांचें पहिलें पाणी टाकावें. मग दोन्ही एकत्र करून हिरवी मिरची घालावी, आणखी एक उकळी आणावी व वरून लसणाची फोडणी द्यावी. भांडें मातीचें किंवा चांगल्या कल्हईचें असावें. कल्हई उडालेल्या पितळेंत हा आंबट रस्सा कळकतो. सोबत ज्वारीची भाकरी असली कीं दुसऱ्या कशाची गरज उरत नाहीं.

या कृतींत एक गोष्ट लिहावयाची राहिली, आणि तीच महत्त्वाची आहे. मांस किती, पाला किती आणि पाणी किती, हें प्रमाण जिभेवर ठरत नाहीं. तें घरांतल्या माणसांच्या संख्येवर आणि गांठीच्या पैशांवर ठरतें. मांस थोडें आणि खाणारे फार, अशा घरीं पाला वाढतो व पाणीही वाढतें. सुगरणीचें खरें कौशल्य तेथें दिसतें. पण 'चार माणसांसाठीं' असें वर छापून खालीं वाट्याचमच्यांचें माप देणाऱ्या पुस्तकांत तें मावत नाहीं.

ही उणीव ज्यानें प्रथम ठणकावून सांगितली, असा मराठवाड्याचा ग्रंथ म्हणजे शाहू पाटोळे यांचा 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५). महार व मांग या समाजांच्या खाद्यसंस्कृतीचें हें वर्णन आठवणी आणि पाककृति यांच्या मिश्रणानें सिद्ध झालें आहे. येथें पदार्थ आपल्या परिस्थितीसह ताटांत येतो. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांविषयीं वाचतांना साठवण म्हणजे काय, हें मध्यमवर्गीय वाचकास नव्यानें कळतें. पुस्तक निघालें त्याच वर्षीं महाराष्ट्रांत बैल व वळू यांच्या कत्तलीवरही कायद्यानें बंदी आली. त्यामुळें यांतील कांहीं पानांस आतां केवळ कृतीचें नव्हे, तर दस्तऐवजाचें मोल आलें आहे.

शीर्षकाविषयीं मात्र आम्हांस थोडें निराळें म्हणावयाचें आहे. भोजनसमयींच्या प्रसिद्ध वचनास दिलेला हा टोला नेमका आहे. परंतु त्यानें अपूर्णतेचा डाग अन्नावरच राहतो. अपूर्ण होतें तें हें अन्न नव्हे. अपूर्ण होतें तें आमचें पाकवाङ्मय. २०२४ मध्यें भूषण कोरगांवकर यांनीं केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या नांवांत थेट 'मराठवाड्यांतील दलितांचीं स्वयंपाकघरें' आलीं. तें नांव साधें आहे, पण आमच्या मतें अधिक न्याय्य आहे.

युरोपांतील क्रोएशिया देशांत दुब्रोव्हनिक नांवाचें समुद्रकांठचें शहर आहे. तेथें 'झेलेना मेनेस्त्रा', म्हणजे हिरवा रस्सा, करतात. धुरावलेलें, वाळवलेलें मांस, कोबी व तत्सम पाला आणि बटाटे, एवढेंच त्याचें भांडवल. साठवणीचें मांस आणि परसांतला पाला यांतून जन्मलेला हा पदार्थ त्या शहरास आज भूषण वाटतो, आणि पाहुण्यांपुढें तो आग्रहानें मांडला जातो. आमच्या चान्यांत आणि त्या मांसांत कसबाचें अंतर फारसें नाहीं. अंतर आहे तें मानाचें. एकाच्या पदरीं लेखणी व पंगत आली, दुसऱ्याच्या वांट्यास लपवालपवी.

पाटोळे यांचें मूळ गांव धाराशिव जिल्ह्यांतलें. एका ग्रंथानें सगळा मराठवाडा लिहून व्हावा, ही अपेक्षाही रास्त नव्हे. हिमायतनगर, भोकर, किनवट या पट्ट्यांत तीन भाषांच्या चुली शेजारीं शेजारीं पेटतात. तेथल्या रश्श्यांचें सविस्तर पुस्तक कोणी हातीं घ्यावें, अशी आमची विनंती आहे. त्यांत माप जरूर द्यावें. पण पाणी कां वाढवलें, तेंही त्याच ओळींत लिहावें.