दुसऱ्याच्या लढ्याचे गाणे : ‘द क्लॅश’चा पहिला अल्बम

८ एप्रिल १९७७ रोजी लंडनच्या ‘द क्लॅश’ या रॉक बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. १४ गाणी, जेमतेम ३५ मिनिटे. बेकारी, जीव रमत नाही अशा नोकऱ्या, उड्डाणमार्गालगतच्या उंच इमारतींतला कंटाळा, पोलीस हे त्याचे विषय. त्यावरून ‘कामगार तरुणांचा आवाज’ असा शिक्का त्याच्यावर बसला. तो अपुरा आहे.

मुख्य गायक जो स्ट्रमर हा परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याचा मुलगा, निवासी शाळेत शिकलेला. अल्बम काढला तो सीबीएस या बड्या कंपनीने. दलित साहित्याच्या चर्चेने आपल्याला सहानुभूती आणि स्वानुभूती यांतला फरक शिकवला. त्या कसोटीवर हा अल्बम काय ठरतो?

३० ऑगस्ट १९७६ रोजी नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल उसळली. केवळ संशयावरून अटकेची मुभा देणाऱ्या १८२४ च्या कायद्याचा जाच त्यामागे होता. स्ट्रमर आणि बेसवादक पॉल सिमोनन तेव्हा तिथे होते. त्यातून ‘व्हाइट रायट’ हे गाणे आले. कृष्णवर्णीय प्रतिकार करतात, गोरे मुकाट बसतात, ही त्यातली टोचणी स्वकीयांना आहे. पण शीर्षकामुळे काहींनी ते वंशद्वेषी मानले. दोष एकट्या श्रोत्यांचा नाही. दोन मिनिटांच्या घोषणेत एवढा संदर्भ मावत नाही.

तो मावला ‘पोलीस अँड थीव्ह्ज’मध्ये. हे जमैकाच्या ज्युनियर मर्विनचे रेगे गीत. मर्विनचा स्वर उंच आणि हळवा, स्ट्रमरचा खरबरीत. जमैकन उच्चारांची नक्कल न करता बँडने गिटारच्या कोरड्या फटक्यांवर ते आपल्या पद्धतीने उभे केले आणि सर्वाधिक वेळ, सुमारे ६ मिनिटे, याच गाण्याला दिला. ज्यांच्यावर लाठी पडली, त्यांच्या वस्तीत वाजणारे गाणे इथे ऐकून, शिकून म्हटले आहे.

उणिवाही आहेत. इथे स्त्रियांचे जगणे जवळपास नाहीच. राग भरपूर आहे, पण पुढची वाट धूसर आहे. तरीही दुसऱ्याच्या दुःखावर मालकी न सांगता त्याच्या शेजारी कसे उभे राहावे, याचा एक प्रामाणिक नमुना या ६ मिनिटांत सापडतो. स्वानुभूतीची जागा सहानुभूती घेऊ शकत नाही. मात्र आधी ऐकायला शिकलेली सहानुभूती निरुपयोगीही नसते.