नाम, रूप आणि बंद झालेले फोन

मंडळी, नाम-रूपाच्या चर्चेत मागच्या वेळी एक उदाहरण द्यायचे राहिले होते. ते आज घेऊ. उदाहरण उपनिषदातले नाही, तारकर्लीच्या वाटेवरचे आहे.

तिथे आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे न्याहारी-निवास आहे. चार खोल्या, मागे माड. त्यांची साइट दिसायला गबाळी, पण तिच्यावर मजकूर होता. किल्ल्यात जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, कुडाळ स्टेशनवर उतरल्यावर पुढे कसे यायचे, रापण ओढताना पाहायची तर किती वाजता उठायचे, असा. गुगलवरून येणारे लोक घटू लागले तेव्हा मुलाने एका कंपनीकडून साइट नवी करून घेतली. पुढे वडील भरडावर भेटले. म्हणाले, "सरांनू, साइट नयी केली नि फोन येवचेच बंद झाले!"

आम्ही ती साइट नीट बसून पाहिली. एक गोष्ट आधी कबूल करतो: जुनी साइट फोनवर धड वाचता येत नव्हती, नवी येते. पण सरकत्या फोटोंखाली मजकूर गेला, आणि जो उरला तो फोटोतच कोरलेला. शोधयंत्र मुख्यतः पानातली अक्षरे वाचते. चित्रातले अक्षर त्याच्या लेखी बहुतेक चित्रच.

खरा घात मात्र पत्त्यांचा झाला. प्रत्येक पानाला एक पत्ता असतो, तेच त्याचे नाम. जुन्या पाहुण्यांनी आपापल्या लिखाणात हेच पत्ते दिले होते. गुगलची मूळ कल्पनाच, १९९८ ची, अशी की कोण कोणाकडे बोट दाखवतो ते मोजायचे. नव्या साइटवर सगळे पत्ते बदलले, आणि ती बोटे आता रिकाम्या जागेकडे दाखवतात. क्लिक केले की ४०४. यावर उपाय नव्हता असे नाही. जुन्या पत्त्यावर '३०१' हा संकेत ठेवला की येणारा आपोआप नव्या पत्त्यावर जातो. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्यातही एका नोंदीकडून दुसरीकडे पाठवायला 'पहा' असतेच की! वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही १९९८ मध्येच लिहून ठेवले होते की पत्ते बदलू नका. कंपनीने रूप रंगवले आणि नाम पुसले.

आणि रोग तरी रूपात होता का? गुगलने ऑगस्ट २०२२ पासून मजकुराची उपयुक्तता जोखण्याची नवी पद्धत आणली, मार्च २०२४ मध्ये ती मूळ प्रणालीत मिसळली. त्याच वर्षी यंत्राने तयार केलेले उत्तर शोधाच्या माथ्यावर येऊ लागले. उत्तर तिथेच मिळाले तर पुढे कोण जातो? घट यांपैकी कशाने झाली हे कोणी तपासलेच नाही. छप्पर गळते म्हणून ओटा सारवला. तुम्ही म्हणाल, प्राध्यापकाला यातले काय कळते? कारण आणि योगायोग यांतला फरक शिकवण्यात आमची हयात गेली, एवढेच.

आता मुलगा जुन्या पत्त्यांची यादी करून '३०१' लावतो आहे. काही पाने सापडली. रापणीचे पान मात्र कोणाकडेच उरले नव्हते. परवा गेलो तेव्हा वडील पडवीत बसून ते पुन्हा तोंडी सांगत होते आणि सून लिहून घेत होती.