चळवळींतील आनंद : एका छक्कडीच्या निमित्तानें

राजकीय चळवळ हें गंभीर कार्य. तेथें गाण्याबजावण्याचें काय काम, असा प्रश्न आपल्या सुशिक्षित वर्गांत अनेकदां ऐकूं येतो. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या दृष्टीनें पुन्हा पाहण्याजोगी आहे.

शाहीर अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह अण्णा भाऊंनीं १९४४ सालीं ‘लाल बावटा कलापथक’ काढलें. पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत ही छक्कड सभांतून गाजली. विषय म्हणाल तर साधा : पोटासाठीं मुंबईस आलेला गडी आणि गांवीं राहिलेली त्याची मैना. हा विरह लावणीला नवा नव्हे, आणि गिरणगांवांतील श्रोत्याचा तर तो स्वतःचाच. कारण कोकणांतून व देशावरून आलेल्या कित्येक कामगारांचीं बायकामुलें गांवींच असत. शेवटीं कवि या ताटातुटीवरून बेळगांव, कारवार, डांग, उंबरगांव यांच्या ताटातुटीकडे वळतो. राज्यपुनर्रचना आयोगाचा १९५५ चा अहवाल ज्यानें कधीं वाचला नसेल, त्यासहि खंडित महाराष्ट्र म्हणजे काय हें येथें उमगतें.

हा प्रचार आहे, असें कोणी म्हणेल. आहेच, आणि शेवटच्या भागांत स्थळांच्या नामावळीआड मैना कांहींशी हरवते, हेंहि मान्य केलें पाहिजे. परंतु छक्कडीचें खरें बळ तिच्या पालुपदांत आहे. शाहीर कडवें म्हणतो, साथीदार झील धरतात, आणि पाहतां पाहतां श्रोतेहि पालुपद उचलतात. एकट्यानें सोसलेलें दुःख सर्वांचें आहे असें कळतांच त्याचा भार हलका होतो. विषय दुःखाचा, तरी मिळून गाण्यांत आनंद आहे. शंभराहून अधिक हुतात्मे झालेल्या त्या लढ्यांत माणसांस एकत्र राखण्याच्या कामीं या आनंदाचा वांटा लहान नसावा.

१ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगांव व कारवार बाहेरच राहिलीं. छक्कड आजहि समारंभांतून ऐकूं येते. पण आतां श्रोते बहुधा खुर्चीवर बसून टाळ्या देतात, पालुपद शाहिराकडेच राहतें. चळवळीच्या सभांचीहि पुष्कळदां हीच स्थिति : वक्ते बोलतात, लोक ऐकतात आणि एकेकटे घरीं परततात. ज्यांस चळवळ उभारावयाची आहे त्यांनीं या छक्कडीची नुसती चाल उचलूं नये. ती श्रोत्यांच्या आवाजास जागा कशी ठेवते, तें पाहावें.