चॉकलेट आणि वाईन : एक रसविचार

काळे चॉकलेट आणि तांबडी वाईन ही जोडी म्हणजे जणू लक्ष्मीनारायणाचा जोडा, असा समज पाश्चात्त्य देशांत रूढ झाला असून आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही तो येऊन पोहोचला आहे. आमच्या बहुसंख्य वाचकांच्या घरी मद्य वर्ज्य आहे, आणि त्यांच्या हाती प्याला देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि प्रश्न रसाचा आहे, आणि रसाची मीमांसा हा आपल्या परंपरेचा जुना अधिकार आहे. त्या अधिकाराने या समजाची तपासणी करावी असे आम्हांस वाटते.

प्रथम या जोडीच्या प्राचीनत्वाचा दावा पाहू. वाईन युरोपात सहस्रावधी वर्षे आहे. कोको मात्र मध्य अमेरिकेतून सोळाव्या शतकात तेथे गेला, आणि पुढे दीर्घकाळ तो पेय म्हणूनच घेतला जाई. खाण्याची घट्ट वडी ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यात 1847 साली झाली. दुधाचे चॉकलेट स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पेटर यांनी 1875 साली केले. आणि जिभेवर विरघळणारा मऊपणा रुडॉल्फ लिंट यांच्या 1879 सालच्या घोटणयंत्राने आला. ज्या पदार्थाचे आजचे रूप दीडशे वर्षांचेच आहे, त्याचे वाईनशी पुरातन नाते सांगणे म्हणजे कालच्या दस्तऐवजावर शंभर वर्षांपूर्वीची तारीख घालण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष रसाचा विचार. तांबड्या वाईनमध्ये द्राक्षांच्या सालींतून व बियांतून टॅनिन उतरते. ते लाळेतील प्रथिनांना धरून बसते, आणि तोंड कोरडे पडते. सुपारी किंवा कच्चे केळे चाखलेल्यास हा अनुभव सांगावा लागत नाही. आपल्या षड्रसांत त्यास ‘कषाय’, म्हणजे तुरट, असे स्वतंत्र नाव आहे, आणि कडवटपणाशी त्याची गल्लत आपल्या पूर्वजांनी केली नाही. काळ्या चॉकलेटमध्ये कडू रस तर आहेच, शिवाय त्याच जातीचा तुरटपणाही आहे. तेव्हा निर्गोड तांबड्या वाईनशी त्याची गाठ घातली की तुरटावर तुरट चढतो. त्यातच चॉकलेटची साखर जिभेवर असल्यामुळे वाईन तिच्या मूळ स्वभावाहून अधिक आंबट व पातळ भासते. दोघांचेही गुण झाकले जातात, आणि उघडे पडतात ते केवळ दोष.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा विचारार्ह आहे. मांसान्नाच्या स्निग्धतेला वाईनचा तुरटपणा छेद देतो. मग चॉकलेटमधील कोको-लोण्याला तो का देऊ नये, असे ते विचारतात. परंतु मांसात प्रथिने व मीठ असते, साखर नसते. चॉकलेटची स्निग्धता मात्र गोडवा आणि स्वतःचा तुरटपणा यांना बरोबर घेऊनच येते. दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक यांतला हा भेद दृष्टीआड करून निकाल देता येणार नाही.

मग ही युती सर्वथा अशक्यच काय? तसे नाही. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सीमेलगत, बान्यूल्स नावाची वाईन होते. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात मद्यार्क घालून ती क्रिया थांबवतात, म्हणून द्राक्षांची मूळ साखर तिच्यात शिल्लक राहते. पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातील पोर्टची रीतही हीच. त्या खोऱ्याची सीमा 1756 साली पोंबालच्या अमदानीत कायद्याने आखली गेली. या वाईन चॉकलेटपेक्षा गोडीत उण्या पडत नाहीत, आणि त्यांत सुक्या फळांचा वास असतो. म्हणून त्या चॉकलेटला सांभाळून घेतात. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून खपणारी गोड वाईन पुष्कळांनी पाहिली असेल, पण ती त्या खोऱ्यातली नव्हे. नामसादृश्य हा पुरावा होत नाही.

युतीची खरी कसोटी आमच्या मते आपल्याच अलंकारशास्त्रात आहे. काव्यरसाचा आस्वाद समजावताना मम्मटाने पानकरसाचा दृष्टान्त घेतला. रामनवमीला देवळात मिळणाऱ्या पानकात गूळ, सुंठ, वेलची, मिरी सारी असतात. परंतु घोट घेताना यांपैकी एकही वेगळे पुढे येत नाही, आणि एकही नाहीसे होत नाही. त्यांतून एक नवा रस उपजतो. जेथे असा तिसरा रस उपजत नाही, तेथे युती नाही, केवळ शेजार आहे.

हा निकष केवळ परक्यांच्या मेजवानीपुरता ठेवू नये. गणेशोत्सवात आता चॉकलेटचे मोदक सर्वत्र दिसतात. चॉकलेट साच्यात ओतून कळ्या पाडल्या, एवढ्याने मोदक होत नाही; उकडीचा सौम्यपणा आणि नारळ-गुळाचे सारण यांच्या मीलनातून जो रस होतो, त्याचे नाव मोदक. नव्या पदार्थास देवघराचा दरवाजा बंद करावा असे आम्ही म्हणत नाही. पानकही कधीकाळी कोणीतरी प्रथमच केले असेल. मात्र आत येणाऱ्याने रसाची परीक्षा द्यावी, आणि ती परीक्षा घेण्याइतकी आपली जीभ व तुरट-कडूचा भेद जाणणारी आपली भाषा आपण जागी ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.