संस्थात्मक जैवसुरक्षा समिती आणि प्रयोगशाळा परिचर : १९८९ च्या नियमांचे चिकित्सक वाचन

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत रोगकारक जंतूंशी सर्वाधिक संबंध प्रयोगशाळा परिचराचा येतो. विद्यार्थी प्रात्यक्षिकापुरते जंतू हाताळतात. वापरलेल्या पेट्री बशा गोळा करणे, ऑटोक्लेव्ह लावणे आणि काचसामान धुणे ही कामे परिचरच करतो. जैवसुरक्षेचे नियम या व्यक्तीचा कितपत विचार करतात, हे तपासणे आवश्यक ठरते.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये घातक सूक्ष्मजीव व जनुकीय अभियांत्रिकीने घडविलेले सजीव यांविषयीचे नियम ५ डिसेंबर १९८९ रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार संस्थात्मक जैवसुरक्षा समितीत संस्थाप्रमुख, डीएनएविषयक कार्य करणारे शास्त्रज्ञ, वैद्यकीय तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी यांचा समावेश होतो. आपत्कालीन आराखडा सज्ज ठेवण्याची तरतूद हे या नियमांचे बलस्थान होय. तथापि, समितीच्या रचनेवरून नियमकर्त्यांचे लक्ष प्रामुख्याने जनुकीय अभियांत्रिकीकडे होते, हे स्पष्ट होते. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सुरक्षा पातळ्यांचे सविस्तर विवेचन आले, तरी समितीची चौकट तज्ज्ञांचीच राहिली.

ही उणीव किरकोळ नाही, याची साक्ष इतिहास देतो. परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि वाल्डेमार हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. मात्र बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक झाला नव्हता, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. शास्त्रज्ञाची कीर्ती आणि एकोणीस जीव एका चिमट्याशी बांधले गेले होते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पदवी स्तरावर जनुकीय अभियांत्रिकी क्वचितच होते. परंतु स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जंतू व सांडपाण्यातून वेगळे केलेले अनोळखी जंतू नित्य वाढविले जातात. या परिसराचे सांडपाणी उल्हास व वालधुनीच्या खोऱ्यातच उतरते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार सूक्ष्मजीवशास्त्रीय कचऱ्यावर जागेवरच पूर्वप्रक्रिया करणे बंधनकारक आहे. ऑटोक्लेव्हमधील हवा पूर्णपणे निघाली नाही किंवा पिशव्या दाटीवाटीने भरल्या, तर मापकावर १५ पौंड दाब दिसूनही आतील भागास १२१ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचत नाही. हे ज्ञान प्राध्यापकांच्या टिपणवहीत असून भागत नाही. ते यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसापाशी असावे लागते.

सारांश, परिचरास समितीत स्थान, त्याच्या भाषेत लिखित कार्यपद्धती, नियमित प्रशिक्षण आणि प्रत्येक ऑटोक्लेव्ह फेरीची नोंद या चार बाबी महाविद्यालयांना स्वतःच्या अधिकारात सुरू करता येतील. त्यांसाठी नियमदुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.