'तंत्रस्नेही' शिक्षक : प्रशिक्षणाच्या भाषेची एक चिकित्सा

१

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणाच्या व्यवहारात अलीकडच्या काळात जे नवे शब्द रूढ झाले, त्यांत 'तंत्रस्नेही' हा शब्द विशेष लक्षणीय आहे. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर 'तंत्रस्नेही शिक्षक' घडविण्याच्या कार्यशाळा राज्यभर भरू लागल्या. संगणक, प्रक्षेपक, मोबाइल ही साधने वर्गात कशी वापरावीत हे शिक्षकाला शिकविणे हा त्यांचा हेतू होता. हेतू स्तुत्य होता. आणि अनेक शिक्षकांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून व गावकऱ्यांकडून वर्गणी गोळा करून ही साधने शाळेत आणली, हेही नमूद केले पाहिजे. तथापि, ज्या भाषेत हे प्रशिक्षण कल्पिले गेले आणि दिले गेले, ती भाषा तपासून पाहण्याजोगी आहे. कारण प्रशिक्षण देणाऱ्याची शिक्षकाविषयीची कल्पना त्याच्या परिपत्रकातील उद्दिष्टांपेक्षा त्याच्या शब्दयोजनेतून अधिक स्पष्टपणे व्यक्त होत असते.

'तंत्रस्नेही' या समासाची घडण 'पर्यावरणस्नेही' या शब्दासारखीच इंग्रजीच्या अनुकरणातून झालेली आहे. परभाषेतून घडण घेणे हा काही दोष नव्हे. प्रश्न आहे तो अर्थाचा. एखाद्या विषयात पारंगत असलेल्या माणसाला मराठीने 'तज्ज्ञ' म्हटले, त्यातील बरेवाईट जाणणाऱ्याला 'मर्मज्ञ' म्हटले, आणि हात बसलेल्याला 'कुशल' म्हटले. 'स्नेही' या शब्दात ज्ञान, मर्मदृष्टी आणि कौशल्य यांपैकी काहीच अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे तो केवळ सद्भाव. स्नेह्याने स्नेह्याची परीक्षा करावयाची नसते. तेव्हा तंत्राशी शिक्षकाचे नाते परीक्षकाचे नसून अनुकूल मनुष्याचे असावे, असा निर्णय या शब्दाने आरंभीच देऊन टाकलेला आहे.

एका शब्दावरून एवढा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणून या व्यवहारातील इतर शब्द, त्यांची वाक्यरचना आणि त्यामागील परंपरा यांचाही विचार करणे आवश्यक आहे. हा विचार हवेत राहू नये यासाठी महाड तालुक्यातील वरंध आणि त्याच्याभोवतीच्या महाड-पोलादपूर भागातील वाड्या डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. भोरकडे जाणारा घाट जेथून चढू लागतो, त्या सह्याद्रीच्या पायथ्याशी लहान लहान वस्त्या आणि त्यांच्या लहान लहान शाळा आहेत. प्रशिक्षणाच्या राज्यव्यापी भाषेची कसोटी लागावयाची ती अशाच ठिकाणी.

२

प्रशासकीय मराठीत '-ण्यात येणे' ही रचना सर्वपरिचित आहे. 'प्रशिक्षण देण्यात येत आहे', 'साहित्य उपलब्ध करून देण्यात येईल', 'शिक्षकांना अवगत करण्यात यावे' या धाटणीच्या वाक्यांत करणारा कोण हे सांगितलेले नसते, आणि शिक्षक येतो तो बहुधा चतुर्थीत. त्याला काही दिले जाते, कळविले जाते, पुरविले जाते. तो प्रथमेत क्वचितच येतो. जेथे तो कर्ता होतो तेथे क्रियापद विध्यर्थी असते : त्याने नोंदणी करावी, चित्रफीत पाहावी, प्रमाणपत्र प्राप्त करून घ्यावे. 'शिक्षक ठरवितो', 'शिक्षक तपासतो', 'शिक्षक नाकारतो' असे साधे वर्तमानकाळी कर्तरी वाक्य या वाङ्मयात शोधूनच काढावे लागेल.

शब्दसंग्रहही याच वृत्तीचा आहे. प्रशिक्षणाच्या वर्गाला 'उद्बोधन वर्ग' म्हणतात. उद्बोधन म्हणजे जागे करणे. आणि जागे करावयाचे ते निद्रिस्ताला. मार्गदर्शन करणारी व्यक्ती 'साधनव्यक्ती' अथवा 'सुलभक'. यांतील पहिल्या शब्दात माणसाचे साधन झाले आहे, आणि दुसऱ्यात कठीण गोष्ट सोपी करून देणे एवढाच अध्यापनाचा अर्थ उरला आहे. याउलट 'शिक्षण' या शब्दाची व्युत्पत्ती उद्बोधक आहे. 'शिक्ष्' हा धातू 'शक्' या धातूचे इच्छार्थक रूप आहे. म्हणजे समर्थ होण्याची इच्छा हा त्याचा मूलार्थ. ही इच्छा शिकणाऱ्याची असते. ती कोणाला देण्यात येऊ शकत नाही.

३

या वृत्तीचे मूळ साधनांत आहे असे मात्र म्हणता येत नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला, तो या दृष्टीने स्मरणीय आहे. सुमारे दीडशे गावांतील मंडळे आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व मते केंद्राला कळवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जाई. नभोवाणीयंत्र हे स्वभावतः एकमार्गी साधन. तरीही त्या प्रयोगाने श्रोत्याला उत्तर देण्याची जागा ठेवली होती. आजचे साधन स्वभावतः दुमार्गी आहे, आणि त्याचा वापर मात्र एकमार्गी होत आहे. हा विपर्यास यंत्राने घडविलेला नाही.

तो घडला तो प्रशिक्षणाचे रूपांतर प्रमाणपत्रात झाल्यामुळे. २००१ पासून सुरू झालेला एम.एस.-सी.आय.टी. हा संगणकसाक्षरतेचा अभ्यासक्रम शासकीय सेवकांना आवश्यक करण्यात आला, त्यासाठी २००७ ची अखेर ही मुदत ठरली, आणि ती चुकविणाऱ्यांची वेतनवाढ रोखण्याची तरतूद झाली. शिक्षकही त्यातून सुटले नाहीत. संगणक शिकण्याचे कारण अशा रीतीने वर्गातून निघून वेतनपत्रकात गेले. त्याच २००७ साली त्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत, प्रत्येक मुलाला एक लहान संगणक देण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या यंत्रात मुलाला लिहिता येई, छायाचित्र घेता येई, आवाज मुद्रित करता येई. ते यंत्र घेण्याचे तसेच देण्याचेही होते. एकाच वर्षातील या दोन घटना दोन भिन्न दृष्टी दाखवितात : एक शिक्षकाकडे प्रमाणपत्र मागणारी, दुसरी मुलाकडे काही निर्मिती मागणारी. राज्याच्या प्रशिक्षणाने पुढे पहिलीचाच मार्ग धरला.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या कार्याचे पुढे जे झाले, त्यावरून हेच दिसते. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे मुलांसाठी ध्वनिफिती व चित्रफिती ठेवण्याच्या त्यांच्या उपक्रमाची जगाने दखल घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. त्यांच्या उपक्रमातील महत्त्वाचा भाग कोड हा नव्हता. आपल्या वर्गासाठी काय हवे हे शिक्षकाने स्वतः ठरविले, हा होता. राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी कोड स्वीकारला. ठरविण्याचा अधिकार मात्र शाळेकडे आला नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी देशभर सुरू झालेल्या 'दीक्षा' या मंचावर कोडमागील साहित्य एकत्र झाले. त्याच वर्षी १९८४ पासून मराठीतून शैक्षणिक चित्रफिती तयार करणारी पुण्याची 'बालचित्रवाणी' ही संस्था बंद झाली. वाड्यांतील शिक्षकाच्या वाट्याला राहिले ते कोडसमोर मोबाइल धरण्याचे काम.

२१ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेला 'निष्ठा' हा प्रशिक्षणाचा राष्ट्रीय उपक्रम पुढील वर्षी साथीमुळे 'दीक्षा'वरच आला, आणि प्रशिक्षणाचे माध्यम व विषय एकच झाले. शिक्षक यंत्रापुढे बसून यंत्राविषयी शिकू लागला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. तास मोजता येतात म्हणून त्यांचीच मोजणी होण्याचा धोका उघड आहे.

४

आता वरंधच्या परिसरातील वर्गाचा विचार करू. पडद्यावरील चित्रफितीची भाषा प्रमाण मराठी असते, आणि तिच्यातील उदाहरणे पुष्कळदा घाटमाथ्यावरची अथवा शहरातली असतात. येथील मूल भात, नाचणी व वरी यांच्या शेतीत वाढते. त्याच्या घरी 'राब' हा शब्द रोजचा आहे : पावसापूर्वी पालापाचोळा, कवळे आणि शेण पसरून भाजलेली रोपांची जागा. देशावरच्या मुलाला याच शब्दावरून केवळ राबणे आठवेल. 'वरकस' म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, हे येथील मुलाला शिकवावे लागत नाही; शहरातील शिक्षकाला शिकवावे लागते. या भागातील कातकरी वस्त्यांतील मुलांची स्थिती तर याहून बिकट आहे. त्यांच्या घरची भाषा व शाळेची मराठी यांतील अंतर केवळ उच्चाराचे नाही. शब्द आणि व्याकरण यांतही ते आहे. अशा मुलाला चित्रफीत दाखविली म्हणजे त्याला एका अनोळखी भाषेत दोनदा शिकविले, एवढेच होते : एकदा पुस्तकातून आणि एकदा पडद्यावरून.

ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, आणि १९६३ पासून डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची सर्वेक्षणमाला प्रसिद्ध केली. त्या काळी बोलीचा नमुना मिळवावयाचा तर अभ्यासकाला प्रवास करून निवेदक शोधावा लागे. आज ध्वनिमुद्रणाचे साधन वाडीतील प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. मुलाने सांगितलेली गोष्ट मुद्रित करावी, ती त्यालाच ऐकवावी, तिच्यातील वाक्ये फळ्यावर लिहावीत, त्यांशेजारी प्रमाण मराठीची वाक्ये मांडावीत आणि दोहोंतील भेद मुलांकडूनच वदवून घ्यावा, या कामाला विजेची अखंड सोय लागत नाही आणि आंतरजालही लागत नाही. ज्या दरीत पावसाळ्यात दोन्ही बेभरवशाची असतात, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. परंतु तंत्रस्नेही होण्याच्या कल्पनेत मुख्य जागा मिळाली ती दाखविण्याला. ऐकण्याला ती मिळाली नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. महाड शहर त्याच वेळी पुरात बुडाले होते. शाळा तेव्हा साथीमुळे बंद होत्या आणि शिक्षण मोबाइलवरून चालले होते. आपत्तीविषयीचा राज्यव्यापी पाठ कितीही चांगला असला, तरी कोणत्या उताराला पूर्वी भेगा पडल्या होत्या, कोणता झरा कोणत्या साली गढूळ झाला, वाडीतील वृद्ध त्या जागांना काय म्हणतात, हे त्यात असू शकत नाही. ते ज्ञान बोलीत आहे आणि माणसांबरोबर नाहीसे होत आहे. मुलांनी शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली ते ऐकावे, मुद्रित करावे आणि नकाशावर मांडावे, याहून शाळेतील तंत्राचा अधिक योग्य उपयोग या डोंगरात कोणता असू शकेल?

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बोलीला वर्गात स्थान दिल्याने मूल प्रमाण भाषेपासून दूर राहील, आणि तीच तर त्याच्या पुढील शिक्षणाची व उपजीविकेची भाषा आहे. आक्षेपाचा दुसरा भाग पूर्णपणे खरा आहे, पहिला नाही. प्रमाण भाषेवर मुलाचा हक्क आहेच. परंतु ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे हे अध्यापनाचे जुने तत्त्व भाषेच्या बाबतीतच सोडून देण्याचे कारण नाही. दोन भाषारूपे समोरासमोर ठेवल्याने मुलाला दुसरे रूप अधिक स्पष्ट कळते. पहिले दडपल्याने तो बोलेनासा होतो, आणि न बोलणाऱ्या मुलाची प्रमाण भाषाही सुधारत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या बाजूचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. एक किंवा दोन शिक्षकांच्या शाळेत अनेक इयत्ता एकत्र बसतात; माहिती भरण्याची कामे मोबाइलमुळे कमी न होता वाढली आहेत; त्यात साहित्यनिर्मितीची भर कोणी घालावी? याचे उत्तर असे की, ही भर नसून बदल असावा. प्रशिक्षणाचे जे तास शासन मागतच आहे, त्यांतील निम्मे तास केंद्रातील शिक्षकांनी एकत्र बसून आपापल्या वर्गांतील मुद्रणे ऐकण्यात व त्यांवर पाठ बांधण्यात घालवावेत, आणि ते काम प्रशिक्षण म्हणून मोजले जावे. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद ही त्यासाठी तयार असलेली जागा आहे. राज्यस्तरावरून जिल्हा, तालुका व केंद्र अशी उतरंड उतरत येणाऱ्या सूचनेऐवजी तेथून काही वर जाऊ लागले, तर १९५६ च्या श्रोतृमंडळांनी जे साधले ते शिक्षकांनाही साधेल.

'तंत्र' हा शब्द 'तन्' म्हणजे ताणणे या धातूपासून आला आहे, आणि संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ मागावरील उभे धागे असा आहे. उभे धागे वस्त्र नव्हेत. आडवा धागा विणकराने घालावयाचा असतो. प्रशिक्षणाने आजवर उभे धागे ताणून दिले, हे मान्य केले पाहिजे. मात्र माग दिल्यानंतर विणकाम दुसरीकडून तयार करून पाठविण्याची पद्धत बदलावयाची असेल, तर आरंभ त्याच्या वाक्यरचनेपासून करावा लागेल : शिक्षकाला चतुर्थीतून काढून प्रथमेत आणावे लागेल. वरंधच्या परिसरातील शिक्षक आपल्या मुलांच्या बोलीविषयी जे जाणतो, ते राज्यातील कोणत्याही तज्ज्ञाला ठाऊक नाही. प्रशिक्षणाने त्याला प्रथम तेच विचारावे.